लॉनमधली नळी

अण्णा काळे कुणाकडे गेले की आधी पाणी पीत नाहीत, तपासतात. क्षार मोजायचं यंत्र त्यांच्या गळ्यात दोरीने कायम लटकलेलं. ते पेल्यात बुडवायचं, आकडा बघायचा आणि यजमानाकडे असं पाहायचं, जणू त्यानेच टाकीत मीठ ओतलंय. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी ते व्याह्यांच्या हातातल्या पन्ह्यात बुडवलं होतं.

पाटबंधारे खात्यातली त्यांची अख्खी नोकरी शेतांतलं साचलेलं पाणी काढण्यात गेली. आता ते आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर एकटेच राहतात आणि काढायला पाणी शोधत असतात. "पाणी द्यायला अक्कल लागत नाही, काढायला लागते," हे त्यांनी लिफ्टमध्ये इतक्यांदा ऐकवलं की मी जिने चढायला लागलो.

आमच्या लॉनला शुद्ध केलेलं सांडपाणी सकाळ-संध्याकाळ सढळ हाताने पाजतात. मातीवर पांढरा थर येतो, गवत पिवळं पडतं, मग सेक्रेटरी नवं गवत अंथरतात. अण्णांनी लॉनच्या मधोमध भोकांची नळी ठोकली आणि तिच्यात दोरी सोडून जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते बघू लागले. ज्यांच्या शेतावर आमचा टॉवर उभा आहे ते भोईरकाका वैतागले, "अण्णा, ह्यो लॉन हाय, शेत नाय!"

"ते पाण्याला कुठे माहीत आहे?" अण्णा म्हणाले.

परवा रविवारी त्या नळीला अडखळून मी सपशेल आडवा झालो. तणतणत वर गेलो. अण्णा फोन समोर ठेवून बसले होते.

"थांबा, धाकट्या भावाचा फोन यायचाय. गावाला पाटाचं पाणी आलं तेव्हा मीच त्याला म्हटलं, ऊस लाव, भरपूर पाणी दे, निचऱ्याचे चर नंतर खणू. मी म्हटलं! जमीन खारावून पांढरीफटक पडली. रिटायर झाल्यावर जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकून दिले, पण तो बोलत नाही."

"अहो, फोन करतो ना?"

"शेतातल्या नळीत पाणी किती खोल गेलं ते सांगतो आणि ठेवतो."

फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला.

"पाच फूट," पलीकडून घोगरा आवाज.

"बरं," म्हणत अण्णांनी सवयीने फोन बंद करायला बोट नेलं.

"ऐक. हरभरा उगवलाय. हुळा भाजू तवा ये."

फोन कट झाला.

"हरभऱ्याला खार सोसत नाही हो, जरासुद्धा नाही..." अण्णा मला समजावू लागले आणि वाक्य अर्धवट सोडून उठले. माझा गुडघा ठणकत होता, पण भांडायचं राहूनच गेलं.

हरभऱ्याला हुळा भाजण्याजोगे हिरवे घाटे धरायला अजून दोन महिने तरी होते. अण्णांनी माळ्यावरून बॅग काढली आणि सदरे भरायला घेतले.