पट्ट्यांचं लोकार्पण

भोसरीहून तळवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ठिकाणी माणसं रस्ता ओलांडत असत. रस्ता वाहनांसाठी बांधलेला असल्यामुळे संबंधित खात्याने या प्रकाराची कधी दखल घेतलेली नव्हती. पलीकडे कारखान्यांच्या शेड आणि अलीकडे बसथांबा, अशी मूळ रचनाच जरा गैरसोयीची झाली होती. शिफ्ट सुटली की पलीकडची माणसं अलीकडे येत. जी येत ती घरी जात. जी पोचत नसत त्यांची पेपरात दोन ओळींची बातमी येई.

तनुजाची आई, कुसुमताई, पलीकडच्या एका शेडमध्ये रबरी वॉशर पिशव्यांत भरायचं काम करी. गेल्या महिन्यात एका टेम्पोचा आरसा तिच्या कोपराला लागला, हातातला डबा उडाला आणि चाकाखाली जाऊन पापडासारखा चपटा झाला. "डब्याचं झालं ते माझं न्हाई झालं, नशीब म्हणायचं बाई," असं म्हणत तिने कोपराला हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तनुजाचा जीव मात्र टांगणीला लागला. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीला आई हवी होती, आणि रोज संध्याकाळी अख्खी हवी होती. तेवढ्यासाठी तिला रस्त्यावर पांढरे पट्टे आणि एक गतिरोधक पाहिजे होता. मागणी अगदी साधी. पण साधी मागणी घेऊन सरकारी कचेरीत जाऊ नये, हे कॉलेजात शिकवत नाहीत, त्याला ती पोर तरी काय करणार!

शाश्वत नागरी गतिशीलता व युवा सहभाग कक्षात सिद्धेश साहेब बसत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत सावरून बसत ते म्हणाले, "पट्टे मारायची आमच्याकडे तरतूद नाही. पट्टे मारले जावेत, याबद्दल तरुणांमध्ये जागृती करायची तरतूद आहे."

"पण साहेब, तरुण जागेच आहेत. गाडीवाले थांबत नाहीत."

"गाडीवाले आमच्या कक्षात येत नाहीत. तुम्ही तरुण आहात ना?"

तनुजा एकोणीस वर्षांची होती, त्यामुळे तिला नाही म्हणता आलं नाही. साहेबांनी तिथल्या तिथे तिच्या खांद्यावरून हिरवा पट्टा घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि तिला युवा सुरक्षा दूत केलं. मागितले होते पट्टे, मिळाला एक. सुरुवात वाईट नव्हती, असं तिने स्वतःला समजावलं.

जागृतीचा पहिला कार्यक्रम ठरला तो चालण्याचा आणि बसने फिरण्याचा प्रचार करणारी फेरी. फेरीचे संयोजक दादासाहेब. ते गावचे जुने जमीनदार, त्याच रस्त्यालगतच्या, लग्नं लागणाऱ्या मोठ्या लॉन्सचे मालक आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी युवा मंचाचे अध्यक्ष. चालण्याची फेरी चालत काढावी, असं तनुजाने सुचवलं, तेव्हा दादासाहेबांना तिची काळजी वाटली.

"आगं पोरी, त्या रस्त्यानं चालायचं म्हंजी जिवाशी खेळ हाय! आमी गाड्यांवर काढणार."

"मग निदान हेल्मेट तरी घालू या, दादा."

"फेटं बांधायचं ठरलंय. फेट्यावर हेल्मेट बसत न्हाई, आन हेल्मेटवर फेटा शोभत न्हाई. तूच सांग, काय करायचं?"

तनुजा काय सांगणार, कपाळ! फेरीच्या दिवशी रस्त्यावर गाड्याच गाड्या झाल्या. सायलेन्सर काढलेल्या बुलेटवरून, एकेकीवर तिघं तिघं बसून, पोरं प्रदूषणमुक्तीच्या घोषणा देत होती. बसने प्रवास करा, हे सांगायला कॉलेजची मुलं आणायची होती, म्हणून त्या मार्गावरच्या बस त्यांच्यासाठी काढून घेतल्या होत्या. थांब्यावर ताटकळून कुसुमताई शेवटी चालत घरी गेली. कक्षाच्या अहवालात तिची नोंद चालण्याचा पर्याय स्वीकारलेली महिला म्हणून झाली.

तरीही तनुजाने पाठ सोडली नाही. रोज कचेरीत जाऊन बसायची. शेवटी वैतागून का होईना, पट्टे मंजूर झाले! तिने आईला बातमी सांगितली तेव्हा दोघींनी साखर खाल्ली.

लोकार्पणाला बडे पाहुणे येणार होते. आता पाहुण्यांना भर रस्त्यात उभं करून फीत कापायला लावायची, तर टेम्पो काय पाहुणा बघून थांबतो होय? सुरक्षेच्या कार्यक्रमात कुणाची सुरक्षा धोक्यात येऊ नये, यावर सर्वांचं एकमत झालं. म्हणून पट्टे दादासाहेबांच्या लॉन्सच्या पार्किंगमध्ये मारण्यात आले. मारले मात्र फार सुंदर! पाहुणे त्यावरून इकडून तिकडे गेले, फोटो नीट आला नाही म्हणून तिकडून इकडे आले. तनुजाला शाल, श्रीफळ आणि वडाचं रोप मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत कचेरीत पोचली. "साहेब, आता रस्त्यावर कधी मारणार?"

"काय मारणार?"

"पट्टे!"

"पट्टे झाले. तुम्ही स्वतः हजर होता. एकच काम दोनदा केलं तर माझ्यावर चौकशी बसेल."

"अहो, पण ते लॉन्सच्या पार्किंगमध्ये आहेत!"

"आणि तिथे आजवर एकही अपघात नाही," साहेब समाधानाने म्हणाले. "इतके यशस्वी पट्टे पूर्ण शहरात दाखवा मला."

आठवड्याभरात रस्त्याकडेला फलक लागला. पादचाऱ्यांनी रस्ता केवळ अधिकृत पट्ट्यांवरूनच ओलांडावा, असं लिहून खाली लॉन्सकडे बाण. लॉन्स बसथांब्याच्या बाजूला. म्हणजे पलीकडच्या माणसाने अधिकृत पट्ट्यांपर्यंत पोचायला आधी अनधिकृतपणे रस्ता ओलांडायचा. या गुन्ह्यावर लक्ष ठेवायला आणखी सुरक्षा दूत नेमले, आणि पहिली दूत म्हणून त्यांना नियम शिकवायचं काम तनुजाच्याच गळ्यात पडलं. पकडलेल्या माणसामागे दूतांना कॉलेजात गुण मिळत, त्यामुळे पोरं मन लावून काम करत होती. दंड वगैरे नाही बरं का, समुपदेशन. माणसाला लॉन्समध्ये न्यायचं आणि पट्ट्यांवरून नीट सवय होईपर्यंत चालवायचं.

पहिल्याच संध्याकाळी कुसुमताई सापडली. जीव मुठीत धरून ती अलीकडे पोचली आणि पोचल्याबद्दल पकडली गेली. तनुजा धावत लॉन्समध्ये आली तेव्हा आई पार्किंगमध्ये पट्ट्यांवरून येरझाऱ्या घालत होती. शेजारी कुणाचंतरी लग्न होतं, बँड वाजत होता.

"ही माझी आई आहे, सोडा तिला!"

"नातेवाईकाला सूट देता येत नाही, ताई," तिच्याच वर्गातला दूत म्हणाला. "तूच नियम शिकवलास ना आम्हाला?"

"तने," कुसुमताई चालता चालता म्हणाली, "हितं लई छान चालता येतंय गं. पर माझी बस गेली की."

तनुजाला रडूच कोसळलं. हिरवा पट्टा तिने उतरवला आणि तिथल्याच एका खुर्चीवर टाकला. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी ती आईला न्यायला पलीकडे गेली, तिचा हात धरला, दुसरा हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरली. ना शिट्टी, ना टोपी. नुसता हात.

आणि काय सांगू, चाकणकडे जाणारा एक भला मोठा कंटेनर करकचून ब्रेक दाबून थांबला! ड्रायव्हरने 'चला' अशी मान हलवली. मायलेकी निघाल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला.

कंटेनरच्या मागे तुम्ही होता. पुढे काय झालंय ते तुम्हाला दिसत नव्हतं, आणि उशीर तर झालाच होता. तुम्ही डावीकडून गाडी काढलीत. तनुजाने आईला मागे खेचलं म्हणून वाचल्या दोघी. तुम्हीही घाबरलात, खोटं कशाला बोला. काच खाली करून ओरडलात, "ओ मावशी, मरायचंय का?"

"न्हाई लेकरा," कुसुमताई म्हणाली, "घरी जायचंय."

पण तोवर तुमची काच वर गेली होती.