कोंबड्याचा सापळा आणि गुलाबी मिशांचा पाडाव

सकळ सज्जनांस विदित व्हावें जे, लाच खाणारे मुलुखोमुलुखीं आहेत. कोणी सातासमुद्रांपार दौलत दडवितो, कोणी पुलाचें सिमेंट गिळितो. परंतु कारंजा घाडगे परगण्यांत हमरस्त्यालगत जो संग्राम जाहला तैसा अन्यत्र जाहला नाहीं, म्हणोन ही हकीकत लिहिली असे.

रुख्माबाई उईके यांचा ढाबा म्हणजे ट्रकवाल्यांची राजधानी. त्यावर परवाना-तपासनीस रूपरावसाहेब, दफ्तरनशीन, मिशीबहाद्दर, चालून आले आणि परवान्याची मुदत सरली ऐसें सांगोन दारास टाळें ठोकिते जाहले. मग फर्मान काढिलें कीं, पैसा आम्हांस हराम, सबब एक गावरान कोंबडा, तुरेबाज, कचेरींत पोंचता करावा, तेव्हां नवा परवाना मिळेल. चूल थंड पडली आणि ट्रक न थांबतां पुढें जाऊं लागले.

कोंबडा घरीं एकच, तोही लाडका. रुख्माबाई सुनेस म्हणाल्या, "कोंबडा देऊन टाकीन वं चंचल, पण उद्या हा बकरा मांगन, परवा ढाबाच मांगन!"

"देऊ नोका आई, पकडून देऊ," ऐसें बोलोन चंचलबाईंनीं लाचलुचपत खात्यास फोन लाविला.

तों वर्ध्याहून निरीक्षक आचलबाई सरलष्कर साध्या वेषाची फौज आणि साक्षीस दोन पंच घेऊन दाखल जाहल्या. सापळ्याची रीत ऐसी कीं नोटांस अदृश्य भुकटी लावावी, मग ती घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यांत गुलाबी होतात. येथें नोटाच नाहींत! मोठी मसलत पडली. अखेर हुकूम सुटला कीं, भुकटी कोंबड्यास फांसावी. कोंबडा तीन वेळां शिंकला, सरलष्कर दोन वेळां, आणि मोहीम निघाली.

रुख्माबाई कचेरींत शिरल्या; फसलें तर टाळें कायमचें. तरी कोंबडा पुढें केला. साहेबांनीं दोहों हातीं वजन तोलिलें, आणि आनंदें मिशीवर ताव दिला. इतक्यांत कोंबडा निसटला, मग मेजावर चढला, मग कपाटावर, आणि फायली पतंगाप्रमाणें उडाल्या. साहेब खुर्चीखालीं सूर मारोन त्यास जेरबंद करिते जाहले. तत्क्षणीं रुख्माबाईंनीं डोईवर पदर घेतला, हीच इशारत, आणि फौज चहूंकडोन तुटोन पडली.

"मी या कोंबड्याले ओळखतच नाई!" साहेब काखेंतला कोंबडा आवळीत ओरडले.

"मंग सोडा नं त्याले!" रुख्माबाई गरजल्या.

हात पाण्यांत बुडविले, पाणी गुलाबी. मिशीस ओला कापूस लाविला, मिशीही गुलाबी! हमाल हंसला, शिपाई हंसला, आणि शेवटीं पंचांसही आवरेना. पंचनामा जाहला, साहेब अटकेंत गेले, आणि कोंबडा सुपुर्तनाम्यावर बाईंच्या स्वाधीन जाहला.

त्यांचे जागीं नीलेशसाहेब रुजू जाहले. त्यांनीं अर्ज पाहिला आणि परवाना दिला; परंतु दहशत ऐसी कीं, हात खिशाबाहेर न काढितां कोपरानें सरकविला, आणि बाईंनीं पुढें केलेलें साधें पाणीही प्याले नाहींत.

येणेंप्रमाणें टाळें उघडलें, फत्ते जाहली. संध्याकाळीं पहिला ट्रक थांबला आणि आरोळी आली, "मावशी, काय हाये जेवाले?"

बाई दारांतल्या कोंबड्याकडे पाहोन, पदर खोंचोन म्हणाल्या, "आज फक्त वांगे!"