तापटपणाचा चार्ज

तिसगावजवळच्या एका प्राथमिक शाळेतून कृपादान सरांची कर्जतला बदली झाली, तेव्हा त्यांनी रीतसर चार्ज दिला : टेबल एक, खुर्च्या दोन, तराजू एक (मोडका) आणि तापट स्वभाव एक नग, चालू स्थितीत.

शेवटची बाब केंद्रप्रमुख मच्छिंद्र सरांनी घालायला लावली होती. कृपादान सर वर्गात शिरले की पोरं श्वाससुद्धा विचारून घेत. त्यांच्या कारकिर्दीत एकाही विद्यार्थ्याने शंका विचारली नव्हती. शंका नाही, त्याअर्थी सगळं समजलेलं आहे, असा निष्कर्ष काढून वरिष्ठांनी शाळेला 'निःशंक शाळा' हा दर्जा दिला होता. बदली शिक्षकाची होते, शाळेच्या मालमत्तेची नाही, असं मच्छिंद्र सरांचं म्हणणं पडलं.

नव्या जास्मिन मॅडम मुळात हसऱ्या. हा स्वभाव आपल्याला जमणार नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगून पाहिलं. त्यावर, खुर्चीही तुमच्या मापाची नाही, तरी ती ताब्यात घेतलीच ना, असं उत्तर मिळालं. मॅडमनी सही केली आणि स्वभाव न वापरता तसाच ठेवून दिला.

तिथेच घात झाला. तिसरीतल्या सुरेखाने हात वर केला. "मॅडम, वजाबाकीत शेजारच्याकडून दहा उसने घेतो, ते परत कधी करायचे?"

मॅडम खळखळून हसल्या, वर्ग हसला, आणि सुरेखाला विचारायची चटकच लागली. तिचं बघून बाकीचेही विचारू लागले. शाळेचा दर्जा धोक्यात आला. ताब्यातील शासकीय स्वभाव विनावापर ठेवल्याबद्दल मॅडमना नोटीस निघाली.

पालक तरी पाठीशी राहतील म्हणून मॅडमनी सभा बोलावली. सुरेखाचे वडील कल्याण उठले. "मॅडम, तुमी लई चांगल्या हाय. पन पोरगी आता घरीबी इचारती. गाय इकली तवा आईला का न्हाई इचारलं, म्हनती. तो सरांचा स्वभाव काढा की भाईर."

सभेने ठराव एकमताने मंजूर केला.

शेवटी मॅडमनी कृपादान सरांनाच फोन लावला, हा स्वभाव तुम्ही वापरायचात तरी कसा, म्हणून. पलीकडे पोरांचा हसण्याखिदळण्याचा गलका चालला होता.

"मॅडम, तो माझा नव्हताच हो," ते म्हणाले. "आधीच्या गुरुजींनी दिला होता. फक्त सही घेतली नव्हती."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेबलावर छडी आपटली. धडा संपल्यावर दरडावून विचारलं, कुणाला काही शंका? सुरेखाचा हात वर निघाला होता. तिने तो वाटेतच वळवून डोकं खाजवलं. हे लिहिताना मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. शाळेचा दर्जा मात्र वाचला.

स्वभाव ही मालमत्ता कशी, याविषयी वाचकांपैकी कुणाला काही शंका असल्यास आत्ताच विचारावी.

नाही ना? वाटलंच. तुमचीही शाळा चांगली होती म्हणायची.