ताऱ्यांचे ओरखडे

“हलणाऱ्याचा फोटो येत नाही बाबा, त्याचा नुसता धूर येतो.”

हे बोल हलूनकरांच्या गुरूंचे. गुरू जाऊन जमाना लोटला, पण कॅमेऱ्याला डोळा लावला की तो खर्जातला आवाज हलूनकरांच्या कानात अजून घुमायचा. म्हणून स्टुडिओत येईल त्याला ते आधी ‘हलू नका’ असं दटावत. रडक्या बाळाला, जांभई देणाऱ्या आजोबांना, एकदा तर भिंतीवरच्या पालीलासुद्धा. गल्लीनं मग त्यांचं खरं आडनाव विसरून हे नवंच बहाल केलं.

धंदा बरा चालला होता. पण रस्त्यापलीकडे सख्ख्या मेहुण्यानं झगमगीत स्टुडिओ थाटला आणि येता-जाता तो म्हणू लागला, “भावोजी, तुमची सगळी कला एका स्टुलावर बसलीय.” हे जिव्हारी लागलं. हलूनकरांनी भर रस्त्यात पैज लावली: रविवारी माझ्या काचेत असा फोटो लागेल की बघणारा तोंडात बोट घालील. नाही घातलं, तर पाटी उतरवून तुझ्या हाताखाली राबेन.

फोटो कसला, ते मात्र गुलदस्त्यात. त्यांनी कुठंसं वाचलं होतं की कॅमेरा खिळवून ठेवला आणि त्याची पापणी रात्रभर उघडी ठेवली, तर तारे फिरता फिरता आभाळभर वर्तुळं काढतात. बायकोलाही हे सांगितलं नाही. शेवटी ती मेहुण्याची बहीण! तिच्या कानावर पडलेलं चहा निवायच्या आत रस्ता ओलांडायचं.

मग सुरू झाली अंधाराची भीक. हलूनकर घरोघर जाऊन दिवे घालवायला विनवू लागले, कारण न सांगता. बिनकारणाचा अंधार मागणाऱ्या माणसाला कोण दाराशी उभं करील? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर कपाटाला दुसरं कुलूप लावलं. शेवटी सगळ्यांना एकेक फोटो फुकट कबूल केला, तेव्हा कुठं गच्ची काळोखात बुडाली.

पाण्याची टाकी चौकटीत खाली घेतली, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर घट्ट बसवला, आणि सवयीनं हलूनकर आभाळाला म्हणाले, “हलू नका.” लगेच जीभ चावली. जन्मात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक लाभलं होतं, ज्यानं हलायलाच हवं होतं! वर चांदण्या चालल्या होत्या, भरल्या घागरी घेतलेल्या बायांसारख्या, एकीमागे एक, थेंब न सांडता. हलूनकर पहाटेपर्यंत शिंकसुद्धा गिळून बसले.

फोटो काय उतरला होता! टाकीच्या डोक्यावर आभाळाचं चाक गरगरत होतं. डोळे पुसत त्यांनी तो बायकोच्या कॉम्प्युटरवर टाकला. दुकानात येणारे जुने, फाटके, चरे पडलेले फोटो नवे करून देणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हलूनकरांनी एवढंच सांगितलं, की नीट साफ कर आणि थेट छापायला पाठव, मोठ्यातला मोठा. मग ते आमंत्रणं द्यायला पळाले.

रविवारी सगळी गल्ली जमली. मेहुणा पहिल्या रांगेत. हलूनकरांनी खाकरून आकाश, काळ आणि चिकाटी यांवर छोटंसं भाषण केलं, आणि पडदा ओढला.

काळं कुळकुळीत आभाळ. त्याखाली पाण्याची टाकी. शेवाळ खरवडलेली, लखलखीत, गळका पाइपसुद्धा सरळ केलेली. तारा औषधालाही नाही!

मग नळवाल्यानं, टाकी झकास आलीय, एक प्रत आपल्यालाही मिळेल का, असं विचारलं, आणि गल्ली पोट धरून बसली. तोंडात बोट घालायला कुणाचा हात मोकळाच नव्हता. मेहुण्यानं डोळे पुसत सांगितलं, की भावोजींनी उद्यापासून यावं, नवं स्टूल घेऊन ठेवतो.

हलूनकर तणतणत आतल्या खोलीत गेले. बायको बोटं मोडत बसली होती. फोटोवरचे ओरखडे पुसता पुसता मनगट भरून आलं होतं म्हणे. एवढे गोलगोल चरे तिनं आयुष्यात पाहिले नव्हते. मूळ फोटो? तो कशाला ठेवायचा, त्याच्यावरच तर काम केलं!

“अगं, तारे होते ते!” हलूनकर कळवळले. “पुसण्याआधी एका शब्दानं विचारायचं तरी!”

बायको सावकाश म्हणाली, “आपली ओळख नव्हती, तेव्हा वाचनालयाच्या कार्डासाठी तुमच्याकडे फोटो काढायला आले होते मी. माझ्या हनुवटीवरचा तीळ पुसलात तुम्ही. विचारलंत? वर म्हणालात, डाग काढलाय, त्याचे पैसे नकोत. तेव्हापासून वाचनालयातला माणूस कार्ड बघतो, मला बघतो आणि विचारतो, बहिणीचं कार्ड का? वाद नको म्हणून मी हो म्हणते. आता तर तो दर खेपेला बहिणीची तब्येत विचारतो.”