कानात सांगायचा विषय

आमच्या गावात बारशाला आत्या बाळाच्या कानात आधी अकरावीचा विषय सांगते आणि मग नाव. विषय ऐकून बाळ रडलं तर ती हरकत, झोपून राहिलं तर संमती. माझ्या बारशाला मी झोपले होते. त्यामुळे मी कॉमर्स शिकले.

मुलीच्या वेळी मात्र मला झोप येईना. हरभरे भिजले, पाळण्याला फुलं लागली, तरी विषय ठरत नव्हता. शेवटी माझ्या नणंदेनं, शमाताईंनी, ठरवला.

"यंदा यादीत कायदा आलाय. तोच सांगते. घरात एक तरी नीट बोलणारं हवं."

"आणि तिला नाही आवडला तर?"

"तुला कॉमर्स आवडलं होतं?"

"मी झोपले होते, ताई."

"मग हिलाही पोटभर पाजून निजव. कटकट नको."

मी दूध जरा उशिरा द्यायचं ठरवलं. यावरून मी कशी आई आहे ते कृपया ठरवू नये. मी रोज ठरवतेच.

विषयनोंदणीच्या टिपणीस मॅडम वेळेवर आल्या. शमाताई पाळण्यावर वाकल्या, त्यांच्या पाठीवर धपाटे पडले, त्यांनी "कुर्रर्र, कायदा" म्हटलं, आणि बाळानं भोकाड पसरलं.

"हरकत," मॅडम म्हणाल्या.

"भूक लागलीय तिला," शमाताई म्हणाल्या. "हिनं पाजलेलंच नाही."

मॅडमनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. "मग आईनं सांगायचं. हरकत असेल तर हा विषय तिला जन्मात घेता येणार नाही. भूक असेल तर आजच कायम."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, हरकत म्हणावं. मग वाटलं, हीच मुलगी पुढे मला म्हणेल, तू माझी वकिली घालवलीस. भूक म्हणावं, तरी काहीतरी म्हणेलच.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. "तिचं रडणं आहे, तिलाच विचारा."

"ती बोलत नाही."

"बोलायला लागल्यावर विचारा. तोवर नाही ठरवायचं."

मॅडमनी नोंदवही उघडली. "मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दहावीच्या निकालानंतरची तारीख देते. बाळाला घेऊन या. कायदा शिकलायत का तुम्ही?"

"कॉमर्स."

"तुम्ही तेव्हा रडायला हवं होतं."

शमाताई फुरंगटल्या, पण घुगऱ्या त्यांनीच वाढल्या. मी बाळाला आत नेऊन पाजलं. ते पिता पिता झोपलं, तसंच आणून पाळण्यात ठेवलं. मग शमाताईंनी पुन्हा वाकून नाव सांगितलं: शर्वाणी. बाळ हललंसुद्धा नाही, तेव्हा नियमाप्रमाणे नाव कायम झालं.

नाव मला आवडलंय. फक्त तिला आधी उठवायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.