ओळख चालणार नाही

महाविद्यालयाच्या फाटकावरची सूचना दातांच्या डॉक्टरांनी दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. यंदापासून प्रवेश देताना उमेदवाराची ओळख विचारात घेतली जाणार नाही. प्रवेशात वंश बघावा की बघू नये, यावर शहरात वर्षभर रणं माजली होती. पण डॉक्टर पेपरातलं फक्त शब्दकोडं सोडवत. त्यांच्या लेखी ओळख म्हणजे प्राचार्य. प्राचार्यांची बत्तिशी कैक वर्षं त्यांच्या हाताखाली होती आणि लेकीचे गुण बेताचे असल्यामुळे सगळी भिस्त त्या बत्तिशीवर होती.

"ओळख निघाली तर नाव कापतील," त्यांनी लेकीला बजावलं. "प्राचार्यांना आपण ओळखत नाही."

"बाबा, ते मला चिंगी म्हणतात."

"म्हणू देत. तू ओळख दाखवू नकोस."

मुलाखतीच्या सकाळी प्राचार्य ठणकती दाढ घेऊन दवाखान्यात आले. बाकावर नेमक्या प्रवेश समितीतल्या बाई बसलेल्या. डॉक्टरांनी कोऱ्या चेहऱ्याने प्राचार्यांना नाव विचारलं, ते कसं लिहायचं तेही विचारलं आणि रांगेत शेवटी बसवलं. नंबर लागेपर्यंत मुलाखतींची वेळ झाली. प्राचार्य तसेच गाल धरून गेले.

दुपारी लेक समितीसमोर आली. सुजलेल्या गालातून प्राचार्य मायेने काहीतरी पुटपुटले. ते कुणालाच कळलं नाही. लेकीने बाईंना विचारलं, "हे कोण?"

सूज उतरल्यावर प्राचार्य जाब विचारायला आले. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं, मग सूचनेचं सांगितलं. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ओळख म्हणजे वंश. तुमची-माझी नव्हे."

"म्हणजे आपली चालते?"

"तिच्यावर कुणी वाद घातलाय का कधी? चालतच आलीय ती."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. रुग्णाच्या. "मग पोरीचं काय?"

"झालं की. बाकी एकूणएक पोरं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीची निघाली. बाई हटूनच बसल्या, जिला प्राचार्यसुद्धा माहीत नाहीत त्या बिचारीला आधी घ्या म्हणाल्या. घेतली."

लेकीला प्रवेश मिळाला होता. तरी डॉक्टरांचा चेहरा काही खुलेना.

"म्हणजे सर," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "आपल्या एवढ्या वर्षांच्या ओळखीचा काहीच उपयोग झाला नाही म्हणायचा."