या आठवड्याचा चंद्र

सोमवारी सकाळी दूध घालायला येणाऱ्या माणसाला आमचे शेजारी सिदूअण्णा दारातच सांगत, "चंद्र आष्ट्यातच हाय बरं का. कुठं गेला न्हाई." दूधवाला मान हलवून माप ओतायचा. त्याला सवय झाली होती. एखादा नवा माणूस मात्र आधी आभाळाकडे बघायचा, मग अण्णांकडे आणि शेवटी माझ्याकडे, कारण त्या वेळी मी शेजारच्या अंगणात झाडांना पाणी घालत असायची. मी डोळ्यांनीच त्याला 'असू दे' म्हणून सांगायची.

सिदूअण्णा मूळचे वडूजकडच्या एका धनगरवस्तीवरचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, नोकरी विजेच्या खात्यात वायरमनची झाली आणि शेवटची बदली आष्ट्याला झाली म्हणून ते आष्ट्याचे झाले. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. घरात अण्णा, एक रेडिओ आणि मधुमेह. मधुमेहाला ते पाव्हणा म्हणत. हा पाव्हणा काही जाणारा नाही, तेव्हा त्याच्याशी गोडीनं वागावं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ती गोडी ते चहात दोन चमचे भरून घालत.

मिरजेच्या ज्या दवाखान्यात ते दाखवायला जात, तिथल्या डॉक्टरांनी शेवटी कंटाळून त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गल्लीत कुणाला काही समजत नसेल तर तो माझ्याकडेच येतो.

ॲप उघडलं की निळंजांभळं आभाळ दिसायचं. खाली काळसर डोंगरांची रांग, आणि त्या आभाळात दवाखान्याच्या प्रत्येक पेशंटचा एकेक आकाशकंदील तरंगत असायचा. खाली त्याचं नाव आणि गाव. गोळी वेळेवर घेतली, बोट टोचून साखर तपासली आणि ती आटोक्यात निघाली, फोन खिशात ठेवून फिरून आलं, की आपला कंदील जरा वर सरकायचा. यातलं काही चुकवलं तर हळूहळू खाली यायचा. रविवारी संध्याकाळी ज्याचा कंदील सगळ्यांत वर असेल, त्याच्याशेजारी चंद्र येऊन बसायचा आणि पुढचा आठवडाभर तिथंच राहायचा. एवढाच खेळ.

अण्णांनी ते आभाळ बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "ह्यातला माझा कुठला?"

मी दाखवला. अगदी तळाला, डोंगराला टेकलेला.

"एवढ्या खाली? आवं बाई, मी जन्म खांबावर काढलाय."

त्या दिवसापासून चहातली साखर गेली. ॲपमध्ये गोळीच्या वेळेला एक घंटी वाजायची. ती वाजली की अण्णा जिथं असतील तिथं खिशातून डबी काढायचे. भावकीतल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत घंटी झाली. अण्णांनी हातातल्या अक्षता शेजाऱ्याच्या हातात दिल्या, गोळी घेतली, आणि आता उठलोच आहोत तर म्हणून मांडवाभोवती फेऱ्या मारायला लागले. वरबापाला वाटलं काहीतरी हरवलं. तोही मागून शोधत फिरला.

एकदा गुडघा दुखत होता तेव्हा त्यांनी लबाडीही करून बघितली. गल्लीतल्या एका शेळीच्या गळ्यात कापडी पिशवीतून फोन बांधला. शेळी दिवसभर लिंबाखाली बसून राहिली. कंदील उलट खाली आला. मेंढरू असतं तर एव्हाना रान पालथं घातलं असतं, असं ते मला पुढं चार दिवस सांगत होते. शेळीशी बोलणं तर त्यांनी टाकलंच.

पण सुट्टीच्या दिवशी कधी त्यांच्याबरोबर फिरायला गेलं की मला तो खेळ वेगळाच वाटायचा. उसाच्या फडांमधून जाणारी ती कच्ची वाट, पाणी पाजलेल्या रानाचा गार वास, दूर कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर जमिनीलगत पसरलेला. उजेड मऊ होत जायचा आणि अण्णांचा आवाजही. त्यांच्या हातातल्या आभाळात कंदील तरंगत असायचे आणि वर खऱ्या आभाळात पहिली चांदणी उमटायची. अण्णा दोन्हीकडे आळीपाळीनं बघत चालायचे. थोड्या वेळानं आपण कुठल्या आभाळाखालून चाललोय हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं की मेंढरं घेऊन रानात मुक्काम असला की वडील सगळ्या भावंडांना एकेक चांदणी वाटून द्यायचे. ज्यानं त्यानं झोपताना आपापली बघायची. दुसऱ्याच्या चांदणीवर डोळा ठेवायचा नाही. अण्णांना मिळालेली चांदणी बारीक होती आणि ढग आले की आधी तीच दिसेनाशी व्हायची. त्यावरून ते धाकट्या बहिणीशी भांडायचे. तिची मोठी होती. हे सांगून होईपर्यंत आम्ही घरापाशी आलो.

अण्णांनी चंद्र मिळवला आणि तो हलू दिला नाही. इस्लामपूरच्या एका निवृत्त मास्तरांनी जोर केला, पण त्यांना गोडाची फार ओढ. दिवाळीनंतर ते मागं पडले ते पडलेच.

आणि मग एके दिवशी अण्णांनी मला फोन दाखवला. "ही बघा. ही हलतच न्हाई."

डोंगराला टेकून एक कंदील होता. खाली लिहिलेलं, 'अनुसया, वडूज'. आपल्याकडची बाई अशी तळाला पडून राहावी याचं अण्णांना फार लागलं होतं. ॲपमधून एकमेकांना बोलून निरोप पाठवता यायचे. अण्णांनी तिला निरोप पाठवला की आपल्या भागाचं नाव खाली जातंय. उत्तर आलं नाही.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर मिरजेला गेले होते. दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा साठीच्या एक बाई सुनेच्या आधारानं उठल्या. त्याच अनुसयाअक्का. पायाच्या जखमेमुळं त्यांची दोन बोटं काढावी लागली होती. जखम भरली होती, पण घरात पडूनच असायच्या. सून सांगत होती, गोळ्या हातात दिल्या तरी उशाखाली ठेवतात, कुणाशी बोलत नाहीत.

मला वाटलं अण्णा आता भाषण करणार. अक्का तपासून बाहेर आल्या तेव्हा ते त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसले आणि वडूजच्या बाजारात आता मेंढरांना काय भाव मिळतोय ते विचारलं. अक्कांना माहीत नव्हतं. मग यंदा येरळा नदीला पाणी आहे का, बाजरी कशी आली, असं चालू झालं. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन काढून आपलं आभाळ दाखवलं.

"आता ह्या पायानं कसलं चढणार मी," अक्का म्हणाल्या.

"अंगणात चाला. खुर्चीत बसून, फोन धरून हात हलवा. त्याचंबी चढतंय. आन गोळीला काय पाय लागतोय व्हय?"

अक्का हसल्या नाहीत, पण सुनेनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

दोनचार दिवसांनी तो कंदील डोंगरावरून सुटला. अण्णा मला उठवायलाच आले. तो रोज थोडाथोडा वर येत गेला, कधी अडकला, परत सुटला. अण्णा स्वतःच्या कंदिलापेक्षा तोच जास्त बघायला लागले. पावसाळा संपता संपता अक्का दुसऱ्या नंबरला येऊन थांबल्या. पुढं काही जाईनात.

मग अण्णांचा कंदील खाली यायला लागला.

दवाखान्याच्या सिस्टरांचे फोन येऊ लागले. गोळ्या चालू आहेत, तपासणी चालू आहे, मग चालणं का बंद केलं? ग्रामसेवकापासून खासदारापर्यंत कुणाचंही ऐकून न घेणारे अण्णा ओट्यावर उभं राहून "व्हय सिस्टर, चुकलं सिस्टर" म्हणत होते. मी घाबरले. गुडघा गेला असेल, चक्कर येत असेल आणि हा माणूस सांगत नसेल, असं वाटून एका संध्याकाळी मी मेथीची भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले.

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. घरात कुणी नव्हतं. फोन रेडिओवर ठेवलेला होता आणि त्यातली घंटी वाजत होती. मी तशीच ओट्यावर बसून राहिले. दिवस मावळता मावळता अण्णा आले. घामानं सदरा भिजलेला, चपला धुळीनं भरलेल्या, पायजम्याला गवताची कुसळं. रोजच्यापेक्षा लांब जाऊन आलेले दिसत होते.

मला बघून ते शाळेत पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग त्यांनी डबी काढून राहिलेली गोळी घेतली. ते खाली बसून कुसळं काढायला लागले.

"आक्का अंगणातच फिरत्यात," ते म्हणाले. "मी समदं रान फिरतो. फोन नेला तर त्या कवा पुढं जाणार?"

"आणि सिस्टर ओरडतात ते?"

"ओरडू द्या. साखर बघून गप बसत्यात. चालणं न्हाई आन साखर कशी चांगली, त्येच त्यांना कळंना झालंय."

त्या रविवारी चंद्र वडूजला गेला. अण्णांनी दूधवाल्याला काहीच सांगितलं नाही. त्यानंच विचारलं, तेव्हा गावाकडं पाठवलाय म्हणाले.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर अण्णा ओट्यावर फोन कानाला लावून बसलेले. मला बघून त्यांनी तो पुढं केला आणि निरोप परत लावला. अनुसयाअक्कांचा आवाज होता, चांगला खणखणीत.

"अण्णा, काय चाललंय तुमचं? इतके खाली कशानं आलाय? चालाय जावा की रोज. येळेवर जेवता का न्हाई? माझ्यासारखं करू नगा. उद्या मी परत बघणार हाय."

निरोप संपला. अण्णांनी परत लावला. मग आणखी एकदा. लिंबाची पानं ओट्यावर पडत होती, तीही त्यांनी झटकली नाहीत.

"आता मात्र फोन घेऊन चालायला जा," मी म्हणाले. "अक्कांना उगीच काळजी."



"सिस्टर रागावत्यात, त्ये त्यांचं काम हाय," ते म्हणाले. "हिचं काम न्हवतं."

मग फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून, वरून हात धरून म्हणाले, "नेतो की. पर ह्यो आठवडा राहू द्या. आजून जरा रागवू द्या."